बाबासाहेबांचा कोट आणि आपली साधी राहणी

वस्तू कमी करा, घर मोकळे ठेवा, असा सल्ला आज सगळीकडे मिळतो. आपल्यातले अनेक तरुण तो मनावर घेतात. मग नवा शर्ट घेतला तरी मन खाते. धम्माच्या वाटेवर असून आपण चैन तर करत नाही ना, अशी टोचणी लागते. ही टोचणी घेऊन आपण बाबासाहेबांच्या आयुष्याकडे पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना थोडक्यात भागवणे मुद्दाम शिकावे लागले नाही. ते वाट्यालाच आले होते. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. खाण्यापिण्यात काटकसर केली, पण पुस्तके घेत राहिले. १९१७ मध्ये त्यांचे सामान आणणारे जहाज पाणतीराने बुडाले आणि त्यातली पुस्तके गेली. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली. १९२० मध्ये ते लंडनला परतले, अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसले. इकडे रमाईंनी परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत संसार ओढला. त्या काटकसरीचा मोठा भार त्यांनी वाहिला, हे आपण विसरू नये.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या स्त्रियांशी बोलले. जातीची खूण ठरलेले जड दागिने टाका आणि लुगडे नीटनेटके, पायघोळ नेसा, असा त्यांचा आग्रह होता. एक गोष्ट टाकायची, दुसरी घ्यायची. दोन्हींमागे कसोटी एकच होती, माणूस म्हणून मान.

त्यांचा कोट-टायही याच कसोटीवर पाहावा लागतो. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्याचीही बंदी होती, त्याचा नेता नीटनेटका सूट घालून परिषदेत बसतो, ही चैन नव्हती. लादलेल्या दारिद्र्याला दिलेले ते उत्तर होते.

१९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. ते बांधताना पुस्तकांचा विचार आधी झाला. हजारो ग्रंथ घेताना त्यांनी हात आखडला नाही. मात्र दारू-तंबाखूपासून ते दूर राहिले. उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले, तेव्हा त्या आनंदाचीही त्यांना लाज वाटली नाही.

बुद्धांनी शरीराला छळणारी तपश्चर्या सोडली आणि भोगविलासही नाकारला. बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात हाच मध्यम मार्ग मांडला, आणि बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही हेही स्पष्ट केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना ते शुभ्र वस्त्रांत होते. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मागे राहिला तो ग्रंथांचा ठेवा आणि उभा राहिलेला समाज.

मित्रांनो, घरातल्या वस्तू मोजत बसण्याची गरज नाही. आपल्या आई-वडिलांनी पहिल्यांदा घेतलेला फ्रिज किंवा सोफा ही आपल्यासाठी लाजेची गोष्ट नाही. नुसत्या देखाव्यासाठी काढलेले कर्ज मात्र आपण टाळू शकतो. एखाद्या महिन्यात ते जमले नाही, तर पुढच्या महिन्यात जमवू. वस्तू घेताना एवढेच विचारू, ही आपल्याला उभे करते की बांधून ठेवते?

जय भीम, नमो बुद्धाय.