विश्लेषण : निवृत्त हवालदार समाजसुधारक कसा झाला? गोपाळबाबा वलंगकर यांच्या ‘दुसऱ्या कारकीर्दी’ची चौदा वर्षे

फौजेतला जवान इतर नोकरदारांपेक्षा खूप लवकर निवृत्त होतो. पस्तिशी-चाळिशीत गणवेश उतरतो, मुले अजून शाळेत असतात आणि पुढे काय करायचे हा प्रश्न समोर उभा राहतो. कोकणातून आणि देशावरून येऊन कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे परिसरात स्थिरावलेल्या माजी सैनिकांच्या अनेक कुटुंबांना हा प्रश्न चांगलाच परिचित आहे. सुरक्षारक्षकाची नोकरी, एखादे दुकान, गावाकडची शेती हे नेहमीचे पर्याय. आता अग्निपथ योजनेमुळे पंचविशीच्या आसपासच फौजेबाहेर पडणारे तरुणही या रांगेत येत आहेत. या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर याच रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या एका हवालदाराने सुमारे १४० वर्षांपूर्वी शोधले होते. त्याचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबा वलंगकर कोण होते?

पनवेल सोडून गोवा महामार्गाला लागले, की पेण, माणगाव मागे टाकत आपण महाडला पोहोचतो. या महाडजवळचे रावढळ हे गोपाळबाबांचे गाव. त्यांचा जन्म १८४० च्या सुमारास एका महार कुटुंबात झाला. त्या काळी महार तरुणाला गावात मिळणारे काम ठरलेले असे. गावकीची चाकरी, सांगावा पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे आणि त्याबदल्यात मिळेल ते बलुते. या चक्रातून बाहेर पडण्याची एक वाट होती, ती म्हणजे पलटण.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती सुरुवातीपासून होत होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला झालेल्या लढाईतील सैनिकांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत महार सैनिकांची नावे बरीच आहेत. गोपाळबाबा याच परंपरेतले. ते पलटणीत गेले, हवालदार झाले आणि १८८६ मध्ये पेन्शनीत निघाले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. आज त्यांचे नाव घेतले जाते ते निवृत्तीनंतरच्या चौदा वर्षांतील कामामुळे.

फौजेने त्यांना काय दिले?

पहिली गोष्ट म्हणजे अक्षर. गावातल्या शाळेची पायरी ज्या मुलांना बंद होती, त्यांच्यासाठी पलटणीतली शाळा उघडी होती. फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना लिहायला-वाचायला शिकवले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे तर अशाच लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापक होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाची शिस्त. हवालदार म्हणजे माणसांची हजेरी घेणारा, तक्रार वर पोहोचवणारा, हुकूम खाली समजावून सांगणारा दुवा. अर्ज कोणाला करायचा, कोणत्या क्रमाने करायचा, त्यात काय मांडायचे, हे त्याला ठाऊक असते. हे कौशल्य पुढे गोपाळबाबांच्या फार उपयोगी पडले.

तिसरी गोष्ट पेन्शन. ही रक्कम मोठी नव्हती, पण ती सरकारी खजिन्यातून येत होती. गावकीवर जगणाऱ्या माणसाने तोंड उघडले, तर गाव त्याचे बलुते बंद करू शकत असे. पेन्शनराची भाकर मात्र गावाच्या हाती नव्हती. उद्योग सुरू करायला भांडवल लागते. गोपाळबाबांनी जो उद्योग मांडला, त्याचे भांडवल हे स्वातंत्र्य होते.

दापोलीच का?

निवृत्तीनंतर गोपाळबाबा दापोलीला राहिले. दापोली ही इंग्रजांची जुनी लष्करी छावणी. आजही कोकणात जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते यामुळेच. हवा चांगली, आपली गावे जवळ आणि सोबतीला पलटणीतले लोक, म्हणून अनेक निवृत्त सैनिक तेथे घर करून राहत. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीत होते. रमाबाई आंबेडकर यांचे माहेर दापोलीजवळच्या वणंदचे आणि वलंगकर त्यांच्या नात्यातले.

या पेन्शनरांच्या वस्तीत शिकलेली, जग पाहिलेली, ताठ मानेने वागायची सवय झालेली माणसे एकत्र होती. पण वस्तीबाहेर पडले, की पाणवठा वेगळा, शाळेत मुलाची जागा वेगळी आणि देवळाचे दार बंद. पलटणीत ज्याच्या हुकमावर शिपाई चालत, तो हवालदार गावात पुन्हा अस्पृश्यच ठरत होता. निवृत्तीनंतरचा खरा धक्का हा होता. अनेकांनी तो गिळला. गोपाळबाबांनी तो प्रश्न हाती घेतला.

त्यांनी नेमके काय काम केले?

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा गोपाळबाबांवर मोठा प्रभाव होता. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक चळवळीचे पत्र आणि गोपाळ गणेश आगरकरांचे ‘सुधारक’ यांत ते लिहू लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या प्रश्नावर, छापील पत्रातून बोलतो ही त्या काळात नवी गोष्ट होती.

१८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. तिची रचना लक्ष देण्यासारखी आहे. तिच्यात समाजातल्या वरिष्ठ मंडळींना एकामागून एक २६ प्रश्न विचारलेले आहेत. विटाळ कशाने होतो, त्याला आधार काय, एकाच्या स्पर्शाने विटाळ होतो आणि दुसऱ्याच्या का होत नाही, अशा धर्तीची ही विचारणा. यात गयावया नाही आणि शिवीगाळही नाही. एखाद्या चौकशीत साक्षीदाराला विचारावेत तसे सरळ प्रश्न आहेत. दीर्घकाळ फौजेत राहिलेल्या माणसाची ही पद्धत आहे.

लेखणीबरोबर त्यांनी संघटनाही उभारली. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ हे तिचे नाव. महार, चांभार आदी समाजांचे मूळ या भूमीतल्या जुन्या रहिवाशांत आहे, त्यांचा कमीपणा जन्मजात नसून लादलेला आहे, ही त्यांची मांडणी होती. वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी पद्यरचनाही केली. लिहिणारा, संघटना चालवणारा, अर्ज लिहून देणारा आणि पदे रचणारा असे सगळे एकच माणूस करत होता.

१८९० च्या दशकात काय बिघडले?

या सगळ्या कामाच्या पायाखालची जमीनच त्या काळात सरकू लागली. हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगरलढाऊ जाती’ अशी विभागणी जोर धरू लागली. पलटणी जातवार रचायचे धोरण आले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीसाठी लढाया केल्या, ते एका फटक्यात लढाऊ नाहीत असे ठरले.

हा केवळ नोकऱ्यांचा प्रश्न नव्हता. भरती बंद म्हणजे पलटणीतली शाळा बंद. शाळा बंद म्हणजे पुढच्या पिढीला अक्षर नाही. आणि वीस वर्षांनी गावात परतणारा पेन्शनरही नाही. म्हणजे गावकीपुढे न वाकता बोलू शकणारा माणूस तयार होण्याची वाटच बुजणार होती. गोपाळबाबा ज्या मार्गाने घडले, तो मार्ग त्यांच्या डोळ्यांसमोर बंद होत होता.

१८९४ मध्ये त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या नावाने मुंबईच्या सरसेनापतींसाठी सविस्तर अर्ज तयार केला. आपल्या समाजाचा इतिहास, फौजेतली सेवा आणि भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी त्यात होती.

मग पेन्शनर मागे का हटले?

या अर्जावर सह्या हव्या होत्या त्या निवृत्त सैनिकांच्या. पण सरकारची नाराजी ओढवेल, या भीतीने पेन्शनरांनी सह्या करायला हात आखडता घेतला. ज्या पेन्शनीने त्यांना गावापासून मोकळे केले होते, तीच पेन्शन त्यांना सरकारशी बांधून ठेवत होती.

त्या माणसांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण पेन्शन गेली असती तर त्यांना परत गावकीच्याच दारात उभे राहावे लागले असते. घरात खाणारी तोंडे होती. गोपाळबाबांनाही हीच पेन्शन मिळत होती आणि त्यांचाही धोका तेवढाच होता. तरीही त्यांनी काम थांबवले नाही.

लोकल बोर्डातील नेमणूक का गाजली?

१८९५ मध्ये गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. रस्ते, विहिरी, शाळा, धर्मशाळा यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळात एक महार सदस्य आला. उच्चवर्णीय सदस्यांना हे रुचले नाही. त्याच्याबरोबर एका बैठकीत बसायचे कसे, यावर विरोध झाला आणि वाद वृत्तपत्रांपर्यंत गेला. ज्या तालुक्यात त्यांच्या समाजाला सार्वजनिक पाण्यावर हक्क नव्हता, त्याच तालुक्याच्या बोर्डावर ते बसले. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत काय साध्य झाले?

हिशेब मांडला तर हाती फार काही पडले नाही. भरती सुरू झाली नाही. विटाळ संपला नाही. संघटना त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. पण पुढच्या माणसांनी धागा नेमका तेथूनच उचलला. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र चालवले आणि १९१० मध्ये फौज व पोलिसांतील भरतीसाठी ब्रिटिश सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडली. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही भारतीय सैन्यात आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी या भागातील लष्करी पेन्शनरांची आठवण आवर्जून काढली. सैन्यभरती बंद झाल्यामुळे समाजाची वाढ कशी खुंटली, हे त्यांनी सांगितले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. ज्या बोर्डाने गोपाळबाबांना सदस्य म्हणून सोसायला का-कू केले, त्याच तालुक्याच्या गावी हा इतिहास घडला.

आजच्या माजी सैनिकाने यातून काय घ्यावे?

काळ बदलला आहे. आज अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, राज्याचे माजी सैनिक महामंडळ म्हणजे ‘मेस्को’ आहे, केंद्राचे पुनर्वसन महासंचालनालय आहे, कर्जयोजना आणि राखीव जागा आहेत. गोपाळबाबांच्या वाट्याला यातले काही नव्हते.

तरी दोन गोष्टी जशाच्या तशा लागू होतात. पहिली, फौजेने शिकवलेले सगळ्यात मोलाचे कौशल्य बंदूक धरण्याचे असतेच असे नाही. नोंदी ठेवणे, माणसे सांभाळणे, साहित्याचा हिशेब, वेळेवर काम उरकणे, दुरुस्ती, वाहतूक, संपर्क यंत्रणा यांतले आपल्याला नेमके काय येते, याची यादी निवृत्तीआधीच करायला हवी. अनेक जण फाटकावरची ड्युटी घेतात, कारण स्वतःकडे आणखी काय आहे हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते. गोपाळबाबांनी हवालदारकीतले अर्जलेखन आणि संघटन उचलून त्यातून नवे काम उभे केले. शिवाय ते नवे काम त्यांनी स्वतःच्या जखमेजवळच शोधले. जो प्रश्न रोज टोचत होता, तोच त्यांनी हाती घेतला.

दुसरी गोष्ट आधाराची. दरमहा येणारी छोटी पण खात्रीची रक्कम माणसाला धाडस करू देते. अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतील. बाकीचे एकरकमी सेवानिधी घेऊन बाहेर पडतील, पेन्शनशिवाय. ही रक्कम हाती आल्याबरोबर घराचे हप्ते, गाडी किंवा घाईत सुरू केलेला धंदा यांत ती संपू शकते. तिचा काही भाग दरमहा उत्पन्न देईल असा गुंतवून, त्या आधारावर शिकणे किंवा व्यवसाय जमवणे शहाणपणाचे. गोपाळबाबांच्या चौदा वर्षांमागे थोडी पण न चुकता येणारी पेन्शन होती. आज ती बेगमी तरुण जवानाला स्वतःच करावी लागणार आहे.