महादजी शिंदे आणि मोजून बांधलेले काडतूस

आपल्या द्वारकेहून लाल किल्ला तासाभराच्या वाटेवर. १७७२ साली तिथे शाह आलमला परत आणून बसवणारे महादजी शिंदे लंगडत चालत. १७६१ साली पानिपतावर पाठलागावरच्या पठाण स्वाराने त्यांचा पाय कायमचा अधू केला. राणेखान भिस्त्याने बैलावर घालून जीव वाचवला.

घोडदळात वाढलेल्या या सरदाराने १७८४ साली सॅव्हॉयच्या डी बॉइनकडून कवायती पायदळ उभारून घेतले. त्या शिपायाचे बळ काडतुसात होते : कागदी पुडीत गोळी आणि आधीच मोजलेली दारू. पुडी दाताने फाडायची, चिमूटभर दारू चापाजवळच्या खोबणीत, बाकी नळीत, वर गोळी, मग गजाने ठासायचे. धुमश्चक्रीत शिंगातून दारू ओतताना हात कापतो. कमी पडली तर गोळी अलीकडेच पडते, जास्त झाली तर नळी फुटायची भीती. पुडीने तो घोर मिटवला आणि सारी रांग एका हुकमावर बार काढू लागली.

१७९० च्या जूनमध्ये पाटणला आणि सप्टेंबरात मेडत्याला शत्रूचे घोडदळ या पलटणींपुढे मोडले. राठोड स्वार मात्र शर्थीने लढले, हेही सांगायला हवे.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीत वारले. त्यांची छत्री तिथेच आहे.