खाँसाहेबांची तीन मिनिटं

मिरजेत हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्याला जाणारे अनेकजण आवारातल्या आणखी एका कबरीपाशी फातेहासाठी थांबतात. ती कबर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. रमजानात या माणसाची आठवण होते ती त्यांच्या शेवटच्या रात्रीमुळे. पण त्याआधी एक जुनी तक्रार. लोकांना आवडतं ते गाऊन खाँसाहेबांनी खानदानी विद्या स्वस्त केली का?

1872 साली कैरान्यात जन्म, घरात पिढीजात गाणं. तरुणपणी ते बडोदा दरबारात होते, पुढे मिरजेचे झाले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. दरबारात एका धन्याला खूश ठेवलं की भागतं. जलशाला येणारा श्रोता शंभर तऱ्हांचा असतो. त्यात तो काळ संगीत नाटकांचा. ‘मानापमान’ची, ‘एकच प्याला’ची पदं घराघरांत पोचलेली. खाँसाहेबांनी ‘चंद्रिका ही जणू’ आणि ‘उगिच का कांता’ ही पदं चक्क रेकॉर्डवर गायली. ठुमऱ्याही गायल्या. गंमत म्हणजे त्यांचे शिष्य सवाई गंधर्व नाटक कंपनीत गेले, तेव्हा ते उस्तादांच्या मनाविरुद्ध गेले असं सांगतात. मग स्वतः मात्र नाटकाची पदं गायची, हे कसं?

उत्तर त्या रेकॉर्डीच देतात. मराठी शब्दांशी खाँसाहेबांचं फारसं सख्य नाही. पद कानावर पडतं, पण थोड्या वेळात नाटक विसरायला होतं आणि उरतो तो लांब, कातर, ओलसर सूर. चाल लोकांच्या आवडीची, सूर मात्र कैरान्याचा. अर्थात काही गमावलंही. ज्याची बढत तासभर चालायची, त्याचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलं गेलं. ‘पिया बिन’ची झिंझोटी संपते तेव्हा हे जाणवतंच.

आणि जे कुणी मागितलं नव्हतं, तेही त्यांनी केलं. म्हैसूर दरबारच्या निमित्ताने ते कर्नाटक संगीताच्या जवळ गेले, तिथली सरगम आपल्या गायकीत आणली, त्यागराजांची तेलुगू कृतीही रेकॉर्ड केली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांबरोबर श्रुतींच्या मोजमापात डोकं घातलं. अशा कामाला तिकीट काढून कोण येणार?

ऑक्टोबर 1937. मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमल कोइल या छोट्या स्टेशनवर शिष्यांसह उतरले, फलाटावर अंथरूण घातलं. नमाज अदा केली, मग दरबारीच्या सुरांत अल्लाहला आळवत ते शांत झाले. ऐकायला होते ते सोबतचे मोजके लोक. मय्यत मिरजेला आणली आणि मीरासाहेबांच्या सावलीत दफन केली.