ई.एम. फॉर्स्टर

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर (जन्म : लंडन, १ जानेवारी १८७९, मृत्यू : कॉव्हेंट्री, ७ जून १९७०) हे इंग्लिश कादंबरीकार व निबंधकार होते. इजिप्तमधील रेड क्रॉसची स्वयंसेवा आणि देवास या मराठी संस्थानातील वास्तव्य यांचा त्यांच्या जीवनावर व लेखनावर खोल परिणाम झाला. ते समलैंगिक होते. मात्र ही गोष्ट त्यांच्या हयातीत निकटच्या मित्रांपुरतीच मर्यादित राहिली.

पूर्वायुष्य

फॉर्स्टर वर्षभराचे असतानाच त्यांचे वडील क्षयाने वारले. आईने त्यांचा सांभाळ केला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९०५ ते १९१० या काळात त्यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. पुरुषांमधील समलैंगिक संबंध इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हा होते. दोन पुरुषांच्या प्रेमाचा शेवट सुखाचा करणारी 'मॉरिस' ही कादंबरी त्यांनी १९१३-१४ मध्ये लिहिली, पण छापली नाही.

अलेक्झांड्रियातील स्वयंसेवा

पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्याची त्यांची तयारी नव्हती. नोव्हेंबर १९१५ मध्ये ते रेड क्रॉसचे स्वयंसेवक म्हणून अलेक्झांड्रियाला गेले. रुग्णालयांतील जखमी सैनिकांची विचारपूस करून बेपत्ता सैनिकांचा ठावठिकाणा शोधणे हे त्यांचे काम होते. काही महिन्यांसाठी गेलेले फॉर्स्टर तेथे तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. घरापासून दूर, याच शहरात ट्रामवर काम करणाऱ्या मोहम्मद अल-अद्ल या तरुणावर त्यांचे प्रेम जडले. १९२२ मध्ये मोहम्मद क्षयाने वारला. त्यानंतरही काही वर्षे फॉर्स्टर त्याला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहीत राहिले. त्याच वर्षी त्यांचा अलेक्झांड्रियाविषयीचा इतिहास व मार्गदर्शकपर ग्रंथ प्रसिद्ध झाला.

देवास संस्थान

१९१२-१३ च्या भारतभेटीत फॉर्स्टर यांचा देवास थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार (तिसरे) यांच्याशी परिचय झाला. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे जावई. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये शहाजी महाराज या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. १९२१ मध्ये फॉर्स्टर यांनी सुमारे सहा महिने तुकोजीरावांचे खाजगी सचिव म्हणून काम केले. तेथे पाहिलेल्या गोकुळाष्टमीच्या उत्सवावरून 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीचा अखेरचा भाग आकारास आला. फॉर्स्टर यांनी आपल्या समलैंगिकतेची कबुली तुकोजीरावांजवळ दिली असता त्यांनी ती समजुतीने घेतली. 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या देवासच्या आठवणींतून हा भाग गाळलेला होता. तो लेखकाच्या मृत्यूनंतर प्रकाशात आला.

उत्तरायुष्य

१९२४ नंतर त्यांनी नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील नागरी स्वातंत्र्य परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९४९ मध्ये त्यांनी 'सर' हा किताब नाकारला. १९३० पासून बॉब बकिंगहॅम या पोलीस शिपायाशी त्यांचा आजन्म स्नेह होता; बकिंगहॅम दांपत्याच्या घरीच त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील कायदा १९६७ मध्ये अंशतः शिथिल झाला. 'मॉरिस' मात्र १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली.