डॉ. आनंदीबाई जोशी : बाळंतपणावर प्रबंध लिहिणारी मुलगी

पहिल्या महिला डॉक्टर, एवढं सांगून आपण वर्गात पुढच्या धड्याकडे वळतो. त्यांनी अभ्यासाला विषय कोणता घेतला, हे मात्र राहून जातं.

जन्म ३१ मार्च १८६५. घर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने बरेच मोठे. बायकोला शिकवायचा ध्यास त्यांचाच आणि मारझोडही त्यांचीच. आनंदीबाईंनी पुढे पत्रात ते लिहून ठेवलंय. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. दहा दिवसांत गेला. आपल्या आठवी-नववीतल्या पोरीचं वय हो ते!

१८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं, दोन्हींचा आधार घेतला.

आयुर्वेदात गर्भारणीच्या मनाला मोठं स्थान आहे. गर्भ टिकण्यासाठी मनाची प्रसन्नता सर्वांत श्रेष्ठ, असं चरक मानतो. सुश्रुत तिला भीती आणि शोकापासून जपायला सांगतो, पण व्यायामही वर्ज्य करतो. इथं आजचं वैद्यक वेगळं आहे. काही गुंतागुंत नसेल तर गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थात आधी डॉक्टरांना विचारूनच.

पालकसभेत हा विषय निघाला की आया हसतात. पाणी भरणं, निंदण, कापूस वेचणं एवढं होते, मग आणखी व्यायाम कायले, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चूक नाही. पण दिवसभर वाकून, कुणाचं बोलणं खात केलेलं काम वेगळं. आणि संध्याकाळी सासूने किंवा नवऱ्याने सोबत घेऊन, गप्पा करत मारलेली चक्कर वेगळी. दुसरीत पायांसोबत मनही मोकळं होते. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी नवऱ्याचा धाक होता, अशी सोबत कुठली?

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. पण क्षयाने त्या खंगत गेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्या तिकडे शिकत असतानाच, १८८५ मध्ये, भारतातल्या स्त्रियांच्या उपचारांसाठी लेडी डफरीनच्या नावाने निधी उभा राहिला होता. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला आपण अजून डफरीनच म्हणतो, अकोल्याच्याला लेडी हार्डिंग. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात मात्र आनंदीबाईंना एक दिवसही काम करता आलं नाही.