पाण्याच्या जोरावर बाहुल्या नाचवणारा उस्ताद : इस्माईल अल-जझरी

दुबईला नोकरीला गेलेला एकही माणूस नाही, असं घर आपल्या महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांत शोधायलाच लागेल. या मंडळींनी घरी पाठवलेल्या फोटोंत एक फोटो बहुतेकदा असतो. इब्न बतूता मॉलमध्ये एक भला मोठा हत्ती उभा आहे, पाठीवर अंबारी, अंबारीवर घुमट, घुमटावर पक्षी, मध्ये दोन वळसेदार साप. मुलं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात आणि पुढच्या दुकानात जातात. हत्ती म्हणजे एक घड्याळ आहे, आणि ते पहिल्यांदा ज्याने बनवलं त्याला जाऊन आठशे वर्षं झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याचं नाव इस्माईल अल-जझरी.

आज करमणुकीच्या बागांत यंत्राच्या बाहुल्या बोलतात, गातात, मान हलवतात. या खेळाचा इतिहास सांगताना लोक साधारणपणे अमेरिकेपासून सुरुवात करतात. १९६३ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये टिकी रूम नावाचा खेळ सुरू झाला. दीडशेहून जास्त यांत्रिक पक्षी, फुलं आणि लाकडी मुखवटे एका खोलीत मिळून गाणं म्हणायचे. चुंबकीय फितीवरून हुकूम सुटायचा, हवेच्या दाबाने चोच उघडायची. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकनचा पुतळा खुर्चीतून उठून भाषण करू लागला. वॉल्ट डिस्नेचं हे काम मोठं होतं, त्यात वाद नाही. पण पाहुण्यांसमोर बाहुल्यांचा ताफा बसवायचा, ठरलेल्या वेळी त्यांनी आपोआप वाजवायचं आणि लोकांनी थक्क व्हायचं, हा सगळा बेत अल-जझरीच्या किताबेत मापासकट, चित्रासकट लिहिलेला आहे. वीज नाही, फीत नाही. फक्त पाणी, दोरी, तांबं-पितळ आणि डोकं.

त्याचं पूर्ण नाव बदीउज्जमान अबुल-इज्ज इस्माईल इब्न अर-रझ्झाज अल-जझरी. रझ्झाज म्हणजे तांदळाचा व्यापारी. घराण्यात कुणीतरी तांदूळ विकत असणार. भाताच्या मुलखातल्या आपल्या माणसाला हे नाव परकं वाटू नये. जझरी म्हणजे जझीरा प्रांताचा. आपल्याकडे जंजिरा म्हटलं की मुरूडचा किल्ला आठवतो, तो शब्दही या जझीऱ्याचाच भाऊबंद, अर्थ बेट. दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या मधला वरचा मुलूख तो जझीरा. जन्मसाल सहसा ११३६ सांगितलं जातं. आई-वडील, मुलंबाळं, शिक्षण, उस्ताद कोण, याचा पत्ता लागत नाही. जे काही कळतं ते त्याच्या स्वतःच्या किताबेतून, आणि तिथेही तो स्वतःबद्दल दोन-चार ओळींपलीकडे जात नाही. पितळ किती जाड घ्यायचं हे मात्र पानभर लिहितो. आम्हाला हा माणूस इथेच आवडला.

हिजरी ५७०, म्हणजे ११७४-७५ च्या सुमारास तो अर्तुकी घराण्याच्या नोकरीत लागला. हे तुर्कमान सरदार दजलेच्या काठी हिस्न कैफा इथून राज्य करत. ११८३ मध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीने आमिद शहर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं दियारबकीर, जिंकलं आणि ते या घराण्यातल्या नूरुद्दीन मुहम्मदच्या हवाली केलं. राजधानी तिकडे हलली, दरबाराबरोबर आपला कारागीरही. (जुनं हिस्न कैफा २०२० मध्ये इलिसू धरणाच्या पाण्याखाली गेलं.) नूरुद्दीननंतर त्याचा मुलगा कुतबुद्दीन सुकमान आणि त्याच्यानंतर दुसरा मुलगा नासिरुद्दीन महमूद गादीवर आला. तीन मालक झाले, कारागीर तोच राहिला. बाहेर सलाहुद्दीनच्या मोहिमा, बैतुल मक्दिसची लढाई, सलीबी फौजा असा सगळा धुमाकूळ चालू होता, आणि आमिदच्या कारखान्यात एक माणूस भांड्याला भोक केवढं पाडावं याचा हिशेब करत बसला होता.

त्याची सगळ्यात गाजलेली चीज म्हणजे ते हत्तीचं घड्याळ. बाहेरचा थाट राजेशाही, आतली करामत मात्र आपल्या आजीला ठाऊक होती. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आणि त्या पाण्यावर बुडाला बारीक छिद्र असलेलं एक भांडं. छिद्रातून पाणी आत शिरतं, भांडं हळूहळू जड होतं आणि अर्ध्या तासाने बुडतं. आपल्याकडे हिंदू बांधवांच्या लग्नात मुहूर्त मोजायला घंगाळात जे घटिकापात्र सोडत, ते नेमकं असंच. फरक एवढाच की आपली घटिका चोवीस मिनिटांची. उर्दूतली घड़ी आणि मराठीतलं घड्याळ हे दोन्ही शब्द त्या घटिकेच्याच कुळातले आहेत.

आता अल-जझरीने काय केलं? भांडं बुडताना दोरी ओढली जाते. वरच्या घुमटात एक गोळी सुटते, पक्षी फिरतो. गोळी बहिरी ससाण्याच्या चोचीतून खालच्या सापाच्या तोंडात पडते. वजनाने साप खाली झुकतो आणि गोळी खालच्या भांड्यात टाकतो. त्याच वेळी माहूत हत्तीच्या डोक्यावर मारल्यासारखा हात हलवतो. अंबारीत बसलेला कातिब या सगळ्या काळात आपल्या लेखणीने मधली मिनिटं दाखवत हळूहळू वळत असतो. आणि खरी गंमत पुढे आहे : साप झुकतो त्याच हिसक्याने बुडालेलं भांडं पुन्हा वर येतं, रिकामं होतं आणि मोजणी परत सुरू. म्हणजे यंत्र स्वतःच स्वतःला पुन्हा तयार करतं, गोळ्या संपेपर्यंत. आज सांगतात की या एका घड्याळात त्याने हिंदुस्थानचा हत्ती, चीनचे अजदहे, ग्रीकांचं पाण्याचं तंत्र आणि अरब कातिब असे सगळे मुलूख एकत्र बसवले.

घरी करून बघायला खर्च नाही. दह्याच्या प्लॅस्टिक डब्याला सुईने बुडाशी भोक पाडा, बादलीत सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. आमच्या वर्गातली पोरं दोन मिनिटांच्या डब्यावरून दहा मिनिटांच्या डब्यावर यायला दोन तास झगडली. डबा तिरका बुडतो, भोकात कचरा अडकतो, सुई जरा जाड लागली की सगळा हिशेब बिघडतो. अर्धा तास अचूक मोजणाऱ्या भांड्याची किंमत तेव्हा कळते. अल-जझरी अशी छिद्रं घासून, पाणी सोडून, पुन्हा पुन्हा मोजून बसवत असे. झडपा घट्ट बसाव्यात म्हणून तो त्या कुरुंदाच्या पुडीने घासत असे, लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवत असे. आपल्या आधीच्या काही विद्वानांनी यंत्रं नुसती कागदावर लिहिली, करून पाहिली नाहीत, अशी तक्रार त्याने नोंदवली आहे. स्वतः मात्र जे केलं तेच लिहिलं.

दुसरं मोठं घड्याळ वाड्याच्या दर्शनी भिंतीसारखं होतं, माणसाच्या दुप्पट उंच. वर राशींचं चक्र, सूर्य आणि चंद्राची चाल. तासातासाला दारं उघडायची, आणि खाली दोन ढोलवाले, दोन तुतारीवाले आणि एक झांजवाला असा पाच जणांचा ताफा वाजवायचा. त्या काळी सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग करत. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब, हिवाळ्यात आखूड. फजर आणि मगरिबची वेळ रोज सरकते हे आपल्याला मशिदीतल्या वेळापत्रकावरून माहीत आहे. तसं दर दिवसाला पाण्याची धार कमी-जास्त करायची सोय त्याने या घड्याळात ठेवली होती. १९७६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्याची प्रतिकृती उभी राहिली, किताबेतली मापं वापरून, आणि ती चालली.

तिसरी चीज होती होडी. खरा बाहुल्यांचा खेळ हाच. हौदावर तरंगणारी होडी, त्यात बादशहा आणि त्याची मंडळी, खलाशी आणि चार वाजवणारे : बासरीवाला, चंगवाला, दोन डफवाले. सगळे पुतळे. आतल्या टाकीतून ठरावीक वेळाने पाणी सुटायचं, चाक फिरायचं, चाकाच्या दांड्यावर बसवलेल्या खुंट्या तरफांना ठोकर द्यायच्या आणि वाजवणाऱ्यांचे हात हलायचे. बंद डब्यात पाणी शिरलं की आतली हवा बाहेर रेटली जाऊन बासरी वाजायची. साधारण दर अर्ध्या तासाला एकदा, असं पंधराएक वेळा. इंग्लंडमधल्या शेफील्डचे प्राध्यापक नोएल शार्की यांनी २००७ मध्ये या होडीचा ढोलवाला बनवून दाखवला. खुंट्यांच्या जागा बदलल्या की ताल बदलतो, म्हणून याला हुकूम बदलता येणारं पहिल्या पिढीतलं यंत्र म्हणावं, असं त्यांचं मत. काही जाणकार इतकं पुढे जायला तयार नाहीत.

ही होडी दरबारच्या शराबच्या मैफलीसाठी होती, हेही इथेच सांगून टाकतो. पन्नासपैकी दहा यंत्रं त्याच कामाची आहेत. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर अल-जझरीची जी पोस्ट फिरते त्यात हा भाग कधी नसतो. त्याच पोस्टमध्ये सगळं जग त्याच्या एकट्यापासून सुरू झालं असंही असतं. मुलं मोठी होतात, वाचतात, आणि एक गोष्ट लपवलेली निघाली की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. त्याने स्वतः तर आधीच्या लोकांची नावं घेतली आहेत. बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी नवव्या शतकात अशाच करामतींची किताब लिहिली होती. त्याहूनही आधी हारून रशीदने फ्रँकांच्या शार्लमेन बादशहाला पाण्याचं घड्याळ भेट पाठवलं होतं, ८०७ साली. ९१७ मध्ये बगदादला आलेल्या रूमी वकिलांना खलीफा मुक्तदिरच्या वाड्यात चांदीच्या झाडावर शीळ घालणारे पक्षी दाखवले गेले. एवढं सगळं पाठीशी होतं, म्हणून तो इतक्या पुढे गेला.

महाडात बसून पाण्याची गोष्ट लिहायची आणि चवदार तळ्याला वळसा घालून जायचं, हे जमण्यासारखं नाही. अल-जझरीच्या किताबेत वुजूची यंत्रं आहेत. नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतावं हे राजाला पसंत नव्हतं, म्हणून त्याने काहीतरी बनवायला सांगितलं. मग मोराची चिलमची तयार झाली. मोराच्या चोचीतून पाणी पडतं, खाली साचतं, साचलेल्या पाण्यावरचा फुगा वर चढतो, जसा आपल्या फ्लशच्या टाकीत चढतो, आणि दार उघडून एक पुतळा हात धुण्याची पूड पुढे करतो. पाणी आणखी चढलं की दुसरा पुतळा टॉवेल घेऊन येतो. मुलांना हे यंत्र सर्वांत जास्त आवडतं. आम्हाला ते वाचताना दरवेळी एका राजाच्या दोन हातांसाठी केलेली ही सगळी खटपट दिसते, आणि मग वीस मार्च १९२७ चं तळं दिसतं, जिथे हजारो माणसांना ओंजळभर पाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून चालत जावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. हे आपल्या घरांत सांगितलं जातं का, हा प्रश्न आम्ही इथे विचारून ठेवतो.

किताबेचा पाचवा भाग मात्र हौदाच्या पाण्याचा नाही, शेताच्या पाण्याचा आहे. पाच यंत्रं, सगळी पाणी वर चढवणारी. जनावर गोल फिरतं आणि दातेरी चाकांनी पोहरा वर येतो, हा आपला रहाटच. एकात त्याने क्रँक वापरला आहे. शेवटचं यंत्र म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन नळकांड्यांचा पंप : एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. गोल फिरण्याचं रूपांतर पुढे-मागे सरकण्यात करायची ही युक्ती आज गाडीच्या इंजिनात उलट्या बाजूने दिसते. महाडच्या एमआयडीसीत फिटर म्हणून काम करणाऱ्या आपल्या पोरांनी या पानावरचं चित्र बघावं. अर्ध्या मिनिटात ओळखतील.

आणि इथेच एक गोष्ट बोलावीशी वाटते. आपल्यात अजूनही आयटीआयला जाणारा मुलगा म्हणजे दहावीला मागे पडलेला मुलगा असं धरलं जातं. अल-जझरी दरबारचा कारागीर होता. त्याने स्वतः पितळ ओतलं. आमिदच्या वाड्याचा भला मोठा दरवाजा, ओल्या वाळूच्या साच्यात भाग ओतून, त्याने घडवला आणि तो किताबेच्या सहाव्या भागात अभिमानाने मांडला, अक्षरं जुळवून उघडायच्या कुलपाशेजारी.

किताब लिहायचा हुकूम नासिरुद्दीन महमूदने दिला. नोकरीला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. यंत्रं मोडतील, कृती राहावी, असा विचार त्यामागे होता. सहा भाग, पन्नास यंत्रं, प्रत्येकाचं रंगीत चित्र, प्रत्येक सुट्या भागाला अरबी हरफाची खूण, म्हणजे कुणाही कारागिराला वाचून जोडता यावं. हिजरी ६०२ मध्ये, जानेवारी १२०६ ला काम संपलं. त्याच वर्षी मुहम्मद इब्न यूसुफ अल-हस्कफी याने केलेली नक्कल इस्तंबूलच्या तोपकापी वाड्यात आजही आहे. अल-जझरीचा मृत्यूही याच सुमाराचा मानतात.

पुढे ही किताब अनेकांनी उतरवून घेतली. १३१५ मधल्या एका नक्कलेची पानं सुटी होऊन विकली गेली, त्यातलं हत्तीच्या घड्याळाचं पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. इंग्रजीत पूर्ण तर्जुमा यायला १९७४ उजाडलं. तो केला डोनाल्ड हिल यांनी, आणि ते पेशाने इंजिनीअर होते. मूळ अरबी मजकूर १९७९ मध्ये हलबहून नीट छापून निघाला. त्याच्या आमिदच्या कारखान्यातली एकही वस्तू हाती लागलेली नाही, दरवाजाही नाही. चित्रं आणि मापं राहिली, आणि दुबईचा तो हत्ती त्यांवरूनच बनवला आहे.