कामगारांचे कैवारी कै. नारायण मल्हार जोशी

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयाची ती केवळ त्यांच्या जन्ममृत्यूची साले पाठ करण्याकरिता नव्हेत. त्यांनी कोणते साधन हाती घेतले, ते कसे चालविले आणि त्यापासून लोकांस काय लाभ झाला, हे पाहणे हाच चरित्रवाचनाचा खरा हेतू होय. कोणाचे साधन शस्त्र असते, कोणाचे लेखणी. ज्या गृहस्थांचे चरित्र यंदा आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलमंडळींपुढे ठेवीत आहो, त्यांचे साधन याहून साधे होते. सरकारास कायदेमंडळात प्रश्न विचारावयाचा, त्याचे उत्तर नीट ऐकून घ्यावयाचे, आणि उत्तर अपुरे वाटल्यास पुन्हा विचारावयाचे, हे व्रत त्यांनी सुमारे पाव शतक चालविले.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव या गावी झाला. हे गोरेगाव मुंबईनजीकचे नव्हे. हल्लीच्या रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील होय. पुण्यास शिक्षण घेऊन ते १९०१ साली डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे १९०९ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले. या समाजाच्या सभासदास स्वतःकरिता धन मिळवावयाचे नाही, अशी शपथ घ्यावी लागे. समाज देईल त्या वेतनात संसार चालवून सारा वेळ देशकार्यास द्यावयाचा, असा तेथील नियम होता.

गोखल्यांपासून नारायणरावांनी मुख्यतः एक गोष्ट उचलली. कायदेमंडळातील सभासदांस सरकारास प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाला. तो हक्क तोकडा होता. तरी ज्याच्यापाशी आकडे व अभ्यास आहे, त्याच्या हाती तोही समर्थ ठरतो, हे गोखल्यांनी आपल्या अंदाजपत्रकावरील भाषणांनी दाखवून दिले होते. विषय पुरता समजून घेतल्यावाचून तोंड उघडावयाचे नाही, ही शिस्त शिष्याने जन्मभर पाळली.

नारायणरावांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून मुंबईचा गिरणगाव निवडला. कोकणातून व देशावरून आलेले हजारो स्त्रीपुरुष परळ, लालबाग, वरळी या भागांतील कापडाच्या गिरण्यांत राबत. गिरणीचे भोंगे वाढले, पण राहावयास घरे त्या मानाने वाढली नाहीत. एका खोलीत एक कुटुंब, कित्येकदा दोन कुटुंबे. नळ व शौचकूप साऱ्या मजल्यास मिळून. आणि रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच्याच जागी दिवसपाळीचा येऊन आडवा व्हावयाचा. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली, तेव्हा या दाटीचा परिणाम साऱ्या शहराच्या दृष्टीस पडला. १८९८ साली शहर सुधारणेकरिता इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला खरा. परंतु त्याने रस्ते रुंद करण्यासाठी जितकी घरे पाडली, तितक्या गरिबांस परवडतील अशी घरे उभी राहिली नाहीत.

१९११ साली नारायणरावांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था इतर सज्जनांच्या साहाय्याने स्थापिली. कामगारांकरिता रात्रीच्या शाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, औषधोपचार, सहकारी पतपेढ्या अशी नाना कामे तिने अंगावर घेतली. परळ येथील दामोदर नाट्यगृह हे याच संस्थेचे होय. या कामाच्या निमित्ताने नारायणराव चाळीचाळींतून हिंडले. पुढे कायदेमंडळात त्यांच्या प्रश्नांस जी धार दिसे, तिचा उगम या हिंडण्यात होता.

त्या काळच्या घरांची स्थिती कळावी म्हणून एकदोन आकडे आम्ही येथे देतो. १९२१-२२ च्या सुमारास झालेल्या सरकारी चौकशीत मुंबईच्या कामगार कुटुंबांपैकी शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहात असल्याचे आढळले. १९२१ साली एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे आठशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणासाठी पुष्कळ बाया गावी जात व मूल घेऊन परत येत. त्यामुळे जन्माची नोंद गावी व मृत्यूची मुंबईस होऊन हा आकडा खऱ्याहून मोठा दिसतो, हे सांगणे आवश्यक आहे. तथापि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हेच प्रमाण सुमारे १३३ होते. हे अंतर एवढे मोठे आहे की नोंदीतील दोष वजा घातला तरी ते पुसले जात नाही.

सरकार अगदीच स्वस्थ बसले होते असे नाही. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली डेव्हलपमेंट खाते निघाले आणि आठ वर्षांत पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत जाहीर झाला. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. आमच्या परभणीकडील कापूसही रेल्वेने मुंबईस जात असे. तेव्हा या खोल्यांच्या खर्चात आपल्या भागातील शेतकऱ्याच्या घामाचाही वाटा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे एकूण सुमारे साडेसोळा हजार. त्यांतही पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. भाडे कामगारांस झेपेना, सोयी अपुऱ्या, वरळी तर गिरण्यांपासून दूर. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या रिकाम्या चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून उपयोग केला! घर बांधताना त्यात राहणाराची मिळकत व त्याचा कामाचा रस्ता विचारात घेतला नाही, म्हणजे काय होते याचा हा धडा आहे. या खात्याच्या कारभाराबद्दल मुंबईच्या कायदेमंडळात खुर्शेद नरिमन यांनी सरकारास सळो की पळो करून सोडले. नारायणरावांचे रणांगण दिल्लीस होते.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायणराव गेले. १९२० साली मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तीतही त्यांचा हात होता. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता किंवा कर यांवर अवलंबून असे. गिरणीतील मजुरास मत नव्हते. म्हणून नारायणराव लोकांनी निवडलेले नव्हते. सरकारने नेमलेले होते. ज्याने आपणास खुर्ची दिली त्याची भीड धरावी, असा जगाचा रिवाज आहे. नारायणरावांनी ती भीड धरिली नाही. ज्यांस मत नाही त्यांच्यातर्फे आपण येथे आहो, एवढेच त्यांनी ओळखले.

प्रश्न विचारणे म्हणजे जाब मागण्यासाठी आरडाओरड करणे, असा कित्येकांचा समज असतो. कायदेमंडळातील रीत तशी नव्हे. प्रश्न काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो. संबंधित खात्याचा सभासद त्याचे उत्तर देतो. उत्तरात काही राहिले असल्यास पुरवणी प्रश्न करता येतो. आणि हे सारे छापून कायम राहते. एकदा सरकारच्या तोंडून एखादा आकडा वदविला की तो नाकारण्याची सोय सरकारास उरत नाही. नारायणरावांचे बळ येथेच होते. रेल्वेच्या नोकरांची घरे, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल, खाणींत जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रिया, कारखान्यांतील कामाचे तास, असे विषय त्यांनी वर्षानुवर्षे सभागृहापुढे ठेविले. त्यांच्या बोलण्यात अलंकार नसे. परंतु माहिती पक्की असे.

या चिकाटीचे फळ काय झाले? १९२० साली मद्रासेत गिरणीमालकांनी कामगार संघाच्या पुढाऱ्यांवर दावा लावून न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला होता. संघ स्थापणे हाच गुन्हा ठरण्याची वेळ आली. तेव्हा १९२१ च्या मार्चमध्ये नारायणरावांनी कामगार संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा कायदा करावा असा ठराव मांडला. कायदा व्हावयास १९२६ साल उजाडले. दुसरी गोष्ट बाळंतिणींची. १९२४ साली त्यांनी प्रसूतीच्या वेळी कामगार स्त्रियांस रजा व पैशाचे साहाय्य मिळावे म्हणून विधेयक आणिले. १९२५ साली ते फेटाळले गेले. परंतु एकदा निघालेला विषय दबला नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याने तसा कायदा केला, आणि साऱ्या देशाकरिता तो १९६१ साली झाला. तो पाहावयास नारायणराव हयात नव्हते.

१९२९ साली सरकारने नेमलेल्या व्हिटली कमिशनचे ते एक सभासद होते. या कमिशनाने १९३१ च्या आपल्या अहवालात कामगारांच्या घरांविषयी स्वतंत्र विवेचन करून मुंबईच्या एकखोली बिऱ्हाडांची दुर्दशा सरकारी कागदावर कायमची नोंदविली. पुढील १९३४ चा कारखान्यांचा कायदा व १९३६ चा वेतन देण्याविषयीचा कायदा यांस या अहवालाचा आधार झाला. परंतु या सभासदत्वाची किंमत नारायणरावांस द्यावी लागली. सरकारी कमिशनावर बहिष्कार घालावा असे ट्रेड युनियन काँग्रेसच्या १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ठरले, आणि जी संस्था त्यांनी वाढविली तीच सोडून त्यांस बाहेर पडावे लागले. जहाल मंडळी त्यांस सरकारधार्जिणे म्हणत. मालक व अधिकारी त्यांस उपद्रवी समजत. त्यांच्या मवाळ मार्गाने सुधारणा फार सावकाश झाली, हा आक्षेप निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. संघाचा कायदा पाच वर्षे लांबला आणि घरांचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. तथापि मनात अढी न ठेवता ते पुढे त्या संस्थेत परत आले, व १९४० पासून १९४८ पर्यंत तिचे सरचिटणीस होते. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

बोरीसारख्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचकांस या चरित्राचा विशेष अर्थ आहे. नारायणराव दिल्लीस प्रश्न विचारीत होते, तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ साली ते राज्य गेले आणि प्रौढ मतदानाने निवडलेली हैदराबाद राज्याची पहिली विधानसभा १९५२ साली आली. आपल्या आजोबा-पणजोबांस जो हक्क नव्हता, तो आज प्रत्येकास आहे. आपला आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतो. ग्रामसभेत कोणीही प्रौढ ग्रामस्थ उभा राहू शकतो. २००५ च्या कायद्याने माहिती मागता येते. आणि २०१५ च्या महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किंवा नोंद ठरलेल्या मुदतीत मागण्याचा अधिकार मिळाला आहे. घरकुलाची यादी, नळाचे पाणी, दवाखान्यातील औषध, एस. टी.ची फेरी, या साऱ्यांविषयी विचारण्यास आज कोणाची भीड धरण्याचे कारण नाही.

परळ भागातील ज्या डिलाइल रोडवर डेव्हलपमेंट खात्याच्या बत्तीस चाळी उभ्या राहिल्या, त्या रस्त्यास पुढे ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळाले. त्या जुन्या चाळींच्या जागी नवी, मोठी घरे बांधण्याच्या कामाचा प्रारंभ २०१७ साली झाला. शंभर वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे हळूहळू येत आहे.

विद्यार्थ्यांनो, नारायणरावांसारखे पद सर्वांस लाभणार नाही. त्यांची रीत मात्र सर्वांस साधण्याजोगी आहे. आधी स्वतः जाऊन पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे; मग नम्रपणे परंतु स्पष्ट विचारावे; आणि नकार मिळाला तर अधिक अभ्यास करून पुन्हा विचारावे. ही सवय वर्गातील बाकावर लागली तर ती पुढे गावाच्याही उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.